खिडकी क्रमांक चार

फाईल एकशे सदतीस. यूटिका, न्यूयॉर्क राज्य.
घर एकोणीसशे बारा सालचं, लाकडी, दुमजली.
वरच्या मजल्यावर नॉ डे वाह, तिची सासू
आणि एह डो, वय महिने बावीस.
रक्तात शिसं: एकोणीस.
एकक लिहायला चौकटीत जागा नाही.

मी या कार्यक्रमाची व्यवस्थापक.
म्हणजे रंग खरवडत नाही मी,
रंग खरवडायची परवानगी गोळा करते:
भाडेकरूच्या पगाराच्या पावत्या,
पूररेषेचा नकाशा,
जुन्या वास्तूंच्या खात्याचं ना-हरकत पत्र,
आणि परवाना असलेला कंत्राटदार,
जे अख्ख्या काउंटीत तीन,
त्यांतल्या एकाचा गुडघा नुकताच बदललेला.

घरमालक मिर्सद हॉजिच.
बॉस्नियातून आला तेव्हा याच घरात भाड्यानं राहिला.
म्हणाला, माझी दोन्ही पोरं इथंच रांगली,
काय झालं त्यांना?
मग सही करता करता पेन थांबलं.
तेव्हा कुणी मोजलंच नाही,
हे तो म्हणाला की मी,
आता आठवत नाही.

तपासनीस चौकटीला यंत्र टेकवतो.
एका टवक्याच्या कडेला सगळे थर दिसतात:
वर पांढरा, खाली पिस्ता, मग करडा,
मग एक गुलाबी, कुणाच्या तरी लेकीची खोली असणार,
आणि तळाशी तो जुना, घट्ट, मलईसारखा,
शंभर वर्षांची हमी देऊन लावलेला.
हमी पाळली त्यानं.

आमच्या शिवेवरच्या म्हसोबाला
दर अमावास्येला शेंदूर चढायचा, तेलात कालवून.
नाक बुजलं, डोळे बुजले, देव फुगत गेला.
एका उन्हाळ्यात अख्खं कवच निखळलं
आणि आत मुठीएवढा काळा दगड.
ते तुकडे आम्ही पोरींनी वाटून घेतले, खेळायला.
खरा शेंदूर म्हणजे शिसंच,
हे मला चाळिशीत कळलं,
प्रशिक्षणाच्या तिसऱ्या दिवशी.
बराच वेळ मी बोटं बघत बसले.

आणि शिसपेन्सिलीत शिसं नसतं.
टोक जिभेवर ओलं केलं म्हणून खाल्लेले
आईचे धपाटे सगळे फुकट.
जिथं शिसं आहे तिथं त्याचं नाव नाही,
तिथं लिहिलंय: खिडकी.

खिडकी क्रमांक चार. वरखाली सरकणारी.
लाकूड लाकडावर घासतं,
जात्याखाली पडावं तसं पीठ फळीवर पडतं.
तिथंच उभा राहून एह डो
बर्फ उपसणारी गाडी बघतो
आणि फळीला दात लावतो.
गोड लागतं म्हणतात.

दहा दिवस मोटेल.
तिसऱ्या दिवशी सासूनं बोचकं बांधलं,
भात नाही तर घर कसलं.
मी माझा राइस कुकर नेऊन दिला.
हा खर्च कुठल्याच शीर्षाखाली बसत नाही.

काम झालं. ओल्या फडक्यानं पुसलेली धूळ
प्रयोगशाळेत गेली.
सगळं पास, नवीकोरी खिडकी चार नापास.
पुन्हा धुतली. पुन्हा पुसली. पास.

तीन महिन्यांनी चौदा.
सहा महिन्यांनी अकरा.
उरलेलं हाडात, डॉक्टर म्हणाली,
हाडाला ते चुन्यासारखंच वाटतं,
ओळखीचं समजून ठेवून घेतं.

तिमाही अहवालात मी लिहिलं:
सुरक्षित केलेली घरं, एक.
अकराला रकाना नाही.

परवा सह्या घ्यायला गेले
तर एह डो नव्या फळीला दात लावून उभा.
नॉ डे धावली.
मी म्हटलं, लावू दे, आता काही नाही त्यात.
आणि गाडीत येऊन बसल्यावर
प्रयोगशाळेचा कागद काढून
पुन्हा एकदा वाचला.